आम्ही पाह्यलं

१ मार्च, शनिवार

आज सकाळी नऊ वाजता पहिली यादी पाठवली. पाच व्हिडिओ, एकेचाळीस लोक.

कल्पना माझी. लग्नांचा सीझन असला तरी शूटिंग नसेल ती रविवारची दुपार माझी बायको आकांक्षा आणि मी सोडत नाही. जेवण झालं की चटई टाकायची, लॅपटॉप स्टुलावर ठेवायचा आणि कुठकुठल्या देशांतल्या शॉर्टफिल्म्स पाहायच्या. कुणी कागदाच्या बाहुल्या हलवून केलेली, कुणी एकही शब्द न वापरता केलेली, कुणी नुसत्या मोबाईलवर काढलेली. जगात लोक एवढं सुंदर काम करतात आणि आमच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत कुणाला त्याचा पत्ता नसतो. मी आठवडाभर हळदी आणि वराती शूट करतो, नवरीला "ताई, मान थोडी वर, हसा" म्हणतो. रविवारी ते सगळं धुऊन निघतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर चॅनल काढलं. नियम साधा. दोघांनी मिळून पाहिलेलं आणि दोघांनाही आवडलेलंच पाठवायचं. प्रत्येक व्हिडिओखाली दोघांनी दोन-दोन ओळी लिहायच्या, आधी आपल्या नावाचं पहिलं अक्षर, "चं." नाहीतर "आ." टाकून. मी "दृक्‌संवाद" हे नाव सुचवलं होतं. आकांक्षा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "एवढ्या जड नावाचं कोन उघडन? 'आम्ही पाह्यलं' ठेवा. पाह्यलं, आवडलं, पाठोलं. झालं."

तेच ठेवलं.

दिग्दर्शकानं डायरी ठेवावी, असं कुठंतरी वाचलं होतं. मी दिग्दर्शक आहे हे अजून मला एकट्यालाच माहीत आहे. तरी आजपासून सुरुवात.

१५ मार्च, शनिवार

तिसरी यादी. एकशे नव्वद लोक झाले.

मुकेशच्या मोबाईलच्या दुकानात गेलो होतो. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे खरं बोलतो. म्हणाला, "भाऊ, मी पहिले वहिनीच्या ओळी वाचतो. मंग ठरवतो का पाह्यचं."

"अन् माह्या?"

"तुह्या बी वाचतो ना. तुह्या जराशा पेपर तपासल्यासारख्या असतात."

मला राग आला नाही. गेल्या आठवड्यात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची फिल्म होती. मी लिहिलं होतं, "करड्या रंगसंगतीतून एकाकीपणाचा घेतलेला शोध." आकांक्षानं लिहिलं होतं, "या बुढ्याच्या दुकानात मले काम पाह्यजे. पगार नको, नुसतं बसू द्या." त्यावर बावीस जणांनी हार्ट टाकले. ठीक आहे. लोकांना सोपं आवडतं.

आजच्या यादीपासून मात्र तिच्या ओळी पाठवण्याआधी मी एकदा नजरेखालून घालतो. "मले"चं "मला" करतो. एखादा शब्द बदलतो. चार लोक वाचतात म्हटल्यावर भाषा शुद्ध पाहिजे. तिला सांगितलं नाही, एवढ्याशा गोष्टीत सांगायचं काय.

दुपारी आर्वीच्या प्रमिलाबाईंचा मेसेज आला. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पहिल्या दिवसापासून चॅनलवर आहेत. "आकांक्षाच्या ओळींना आज कोणी इस्त्री केली?"

२३ मार्च, रविवार

आज जे मिळालं ते अकरा वर्षांत एकाही लग्नात मिळालं नाही.

सात मिनिटांची फिल्म होती, सगळी मातीच्या बाहुल्यांची. मातीची एक बाई मातीचंच एक मूल घडवते. ऊन वाढत जातं, मूल सुकायला लागतं, त्याला तडे जातात. ती ओंजळीनं पाणी आणून त्याला ओलं ठेवते. विहीर आटते तशी ती स्वतःच्या हातांची माती पिळून पिळून त्याला लावते. शेवटी हातच उरत नाहीत. मूलही उरत नाही.

पहिल्या मिनिटात मी तंत्र पाहत होतो. मग बाजूला पाहिलं तर आकांक्षा रडत होती. नुसते डोळे भरलेले नव्हते, सगळा चेहरा सुटला होता. खिडकीतून उजवीकडून उजेड येत होता, अर्धा चेहरा सावलीत. मी मोबाईल कधी उचलला ते मलाही कळलं नाही. फ्रेम हलू नये म्हणून श्वास रोखून धरला. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. फिल्म संपून काळा पडदा आला तरी ती त्याच्याकडेच पाहत होती आणि त्या पडद्याला म्हणाली, "मीच पाणी कमी पडू देल्लं."

इथं लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढं मलाच आठवणार नाही. दोन वर्षांपूर्वी आकांक्षाला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. तळेगावला तिच्या आईचं, देवकाबाईंचं, हृदयाचं दुखणं चाललेलं होतं, म्हणून तिकडं गोड बातमीसुद्धा कळवली नव्हती. मग दुसरी कळवायचा प्रश्नच आला नाही. तेव्हा आकांक्षा रडली नाही. चौथ्या दिवशी पोस्टात जाऊन काउंटरवर बसली. मला वाटलं होतं, धीराची आहे.

रडणं थांबल्यावर तिनं तोंड धुतलं. म्हणाली, "डोकं दुखून आलं बाई. चहा ठेवू?"

मी म्हटलं, ठेव.

२६ मार्च, बुधवार

काल आणि आज मिळून ते रेकॉर्डिंग किती वेळा पाहिलं ते सांगता येणार नाही. सहा मिनिटांतून बावन्न सेकंद काढले. संगीत टाकून पाहिलं, काढून टाकलं. तिचा आवाजच पुरेसा आहे. नाव दिलं, "प्रेक्षक".

तिला विचारायला पाहिजे का? खरं लिहितो. विचारलं तर नाही म्हणेल. मग विचारून उपयोग काय? आणि परवानगी घेऊन काढलेला चेहरा मी रोज पाहतो. तो कसा असतो ते मला ठाऊक आहे.

शिवाय यात तिचा अपमान कुठं आहे? उलट एका फिल्मचा एवढा मोठा सन्मान आजवर कुणी केला नसेल.

२९ मार्च, शनिवार

पाचव्या क्रमांकावर "प्रेक्षक" पाठवली. खाली लिहिलं, "चं. — माझी बायको, मातीच्या मुलाची फिल्म पाहताना. अभिनय नाही."

साडेनऊपासून मेसेज. कुणी हात जोडले, कुणी म्हणालं अंगावर काटा आला. एका कॉलेजच्या सरांनी लिहिलं, "तुमच्यात दिग्दर्शक आहे." ते वाक्य मी तीनदा वाचलं.

आकांक्षा पोस्टात होती. सहा वाजता घरी आली, पर्स टेबलावर ठेवली, बसली नाही.

"हे काय हाये?"

"तू पाहिलंस? कसं वाटलं?"

"मी विचारून राह्यली, हे काय हाये?"

मी तिला समजावून सांगितलं. उजेड, चेहरा, खरेपणा. लोकांचे मेसेज वाचून दाखवले. ती मध्येच म्हणाली, "तुमाले मालूम होतं मी कोणासाठी रडून राह्यली ते?"

"मालूम होतं, म्हणून तर एवढं खोल आलं."

तिनं फक्त एवढं म्हटलं, "काढा ते." मी तिच्यासमोर चॅनलवरून काढून टाकलं. वाईट वाटलं, पण भांडण नको.

इन्स्टाग्रामवर टाकलं होतं ते काढायचं राहिलं. तिनं चॅनलचंच म्हटलं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

इन्स्टावर दोन लाखांच्या वर लोकांनी पाहिलं. माझी एखादी गोष्ट एवढ्या लोकांनी पाहिली असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पण लोक कुठली गोष्ट कुठं नेतील याचा नेम नाही. कुणीतरी तिचा आवाज उचलला आणि कोरड्या नळावर लावला. नळातून हवा सुटते आणि आवाज येतो, "मीच पाणी कमी पडू देल्लं." त्यानंतर रांगच लागली. पाण्याच्या टँकरमागं धावणाऱ्या बाया. कूलरमध्ये पाणी नाही म्हणून बायकोवर ओरडणारा नवरा. वरणात पाणी कमी. पाणीपुरीत पाणी कमी. कुणाचा तरी म्हातारा आजोबा साडी नेसून, खिडकीत बसून, तोंडावर पाणी शिंपडून तेच वाक्य म्हणतो. गावोगावचे लोक करत आहेत. वर्ध्याची बोली म्हणून जास्तच मजा घेत आहेत.

संध्याकाळी बंडूजी भेटले. आकांक्षाच्या पोस्टाचे पोस्टमास्तर, निवृत्तीला आले आहेत. त्यांनी सांगितलं. दुपारी दोन पोरं आली. एकाच्या हातात रिकामी बादली, दुसऱ्याच्या हातात मोबाईल. बादली काउंटरवर ठेवून पहिला म्हणाला, "मॅडम, कमी पडलं." रांगेतले लोक हसले. पेन्शनला आलेल्या बाया हसल्या. आकांक्षानं बादली उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पुढचे या." रांग संपेपर्यंत उठली नाही.

"उद्यापासून मी तिले मागं सॉर्टिंगले बसवतो," बंडूजी म्हणाले. "पण तुमी ते बंद करा ना, राजेहो."

मी म्हटलं, आता माझ्या हातात काय आहे, हजार ठिकाणी गेलं. ते खरंही आहे. मी विचारलं, त्या पोरांनी काढलेला व्हिडिओ तुमच्याकडे आला का? त्यांनी गाडीला किक मारली.

आकांक्षा घरी आल्यावर बादलीबद्दल काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही. तिला तेवढीच शांतता.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी अण्णाजींचा फोन. सासरे मला कधी फोन करत नाहीत. करायचा तर आकांक्षाला करतात.

"जवाईबापू, एक विचारतो. राग नका मानू. तो पोरीचा व्हिडिओ हाये ना, मातीचं लेकरू पाहून रडते तो, तो खरा हाये का अ‍ॅक्टिंग हाये?"

हा प्रश्न मला गेल्या दहा दिवसांत पन्नास लोकांनी विचारला आहे. उत्तर तोंडावर होतं.

"खरा आहे अण्णाजी. एक सेकंदसुद्धा खोटा नाही."

मग म्हणाले, "म्हणजे लेकरू होतं?"

"चौथा महिना होता."

"केव्हा?"

"दोन वर्षं झाली."

"हिची अँजिओप्लास्टी झाली तवा?"

"हो, त्याच सुमाराला."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मागं वळलो तर आकांक्षा मोरीच्या दारात उभी होती. साडीला पिन लावत होती, हात तसाच राहिला होता.

"मी काल आईले सांगतलं होतं," ती म्हणाली. "सांगतलं का ते नाटक होतं. यांच्या फिल्मसाठी मले रडाले लावलं होतं म्हणून. आईनं ऐकलं होतं. हसली होती."

"मग मला आधी सांगायचं ना."

"हो," ती म्हणाली. "तुमाले सांगाले पाह्यजे होतं."

पिन लावली आणि कामावर गेली.

अपराधी वाटलं का? थोडं वाटलं. पण मला खोटं बोलता येत नाही आणि ज्या एका गोष्टीत मी खरा उतरलो ती खोटी आहे असं मी कसं सांगणार होतो?

११ एप्रिल, शुक्रवार

देवकाबाईंना आर्वीच्या दवाखान्यात नेलं होतं. छातीत भरून आलं म्हणून. संध्याकाळी घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. आकांक्षा सुट्टी टाकून सकाळीच गेली होती. रात्रीचा मुक्काम तिकडेच करते म्हणाली.

उद्याची यादी माझ्या एकट्याच्या गळ्यात.

१२ एप्रिल, शनिवार

चार व्हिडिओ तयार होते, पाचवा सापडत नव्हता. पाहता पाहता त्याच आवाजावरचा एक नवीन व्हिडिओ समोर आला. बाकीचे सगळे आचरट, पण हा कुणीतरी मन लावून केला आहे. रिकाम्या गुंडांची ओळ, गुंड म्हणजे आपल्याकडची पितळेची कळशी. एकेका गुंडाच्या तोंडात कॅमेरा उतरतो, आत अंधार, आणि प्रत्येक गुंडातून आकांक्षाचा आवाज वेगवेगळ्या सुरात घुमत येतो. शेवटच्या गुंडातून एक बेडूक बाहेर येतो आणि कॅमेऱ्याकडे पाहतो. मी मोठ्यानं हसलो. एडिटिंग खरोखर जबरदस्त आहे.

खूप विचार केला. आमचा नियम आहे, आवडलेलं पाठवायचं. आपल्यावर विनोद झाला म्हणून चांगल्या कामाला चांगलं न म्हणणं हा कोतेपणा होईल. उलट आपणच पाठवला तर लोकांचा डंख निघून जाईल. हसणाऱ्यांबरोबर आपणही हसलो की विषय संपतो.

पाठवला. "चं. — टोमणा असावा तर असा. आवाज आणि प्रतिमा यांचा अप्रतिम मेळ."

खाली "आ." रिकामं दिसत होतं. ते बरं दिसेना. लोकांना वाटलं असतं, बाईला राग आला. म्हणून तिच्या वतीनं लिहिलं, "बेडूक तर मले लयच आवडला! आम्ही दोघंबी पोट धरून हसलो." यावेळी "मले"च ठेवलं. तिच्यासारखं वाटायला हवं.

एकशे चाळीस हार्ट. आजवरचे सगळ्यांत जास्त.

प्रमिलाबाई चॅनल सोडून गेल्या. जाताना मला वेगळा मेसेज टाकला, एकच ओळ. "त्या दोन ओळी तिच्या नाहीत, हे मला तिच्याएवढंच कळतं."

१३ एप्रिल, रविवार

आकांक्षाचा सकाळी फोन आला.

"तुमी हसले?"

"कशाला?"

"बेडकाले."

मी म्हटलं, हो, हसलो. म्हटलं, तूही पाहा, एकदा दुसऱ्याचं आहे असं समजून पाहा, खरंच चांगलं केलं आहे.

"आईनं पाह्यलं," ती म्हणाली. "बाजूच्या बाईनं दाखोलं तिले. खालच्या ओळी बी वाचून दाखोल्या. आई म्हणते, तू हसली असशीन त मंग बरं हाये. मंग तुले एवढं दुःख नसन झालं. मी आईले काय सांगू?"

मी म्हटलं, बरंच झालं की, त्यांच्या जिवाला आराम पडला.

फोन चालूच होता. पाठीमागं कुकरची शिट्टी झाली, दोन झाल्या. मग तिनं ठेवला.

आज दुपारी एकट्यानं तीन फिल्म्स पाहिल्या. एकही मनाला लागली नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

लग्नं ओळीनं आहेत. लिहायला वेळ नाही. आकांक्षा तळेगावहूनच आर्वीमार्गे बसनं पोस्टात ये-जा करते, असं मुकेशकडून कळलं. एवढी धावपळ कशाला करते कुणास ठाऊक. फोन उचलत नाही. मेसेज वाचते.

तिचं वाक्य आता फारसं कुणी वापरत नाही. काल एका वरातीत मात्र बँडवाल्यानं माईकवर म्हटलं आणि नवरदेवाचे मित्र पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतत नाचले. मी शूट करत होतो. फुटेज दिलं पार्टीला.

१८ मे, रविवार

आज तळेगावला जाऊन आलो. इन्स्टावरचा मूळ व्हिडिओ काढून टाकला हे समोरासमोर सांगायचं होतं आणि तिला घेऊन यायचं होतं. ऊन असं की बसची दांडी धरवत नव्हती.

अण्णाजी ओसरीत बाजेवर बसले होते. उठले नाहीत. "बसा," म्हणाले. खुर्ची उन्हात होती, मी ती सावलीत ओढून घेतली. देवकाबाई आतल्या खोलीत होत्या. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते. बाहेर आल्या नाहीत. कुणी चहाचं विचारलं नाही.

आकांक्षा बाहेर आली. बारीक झाली आहे. हात ओले होते, ओढणीला पुसले. मी बोलायला सुरुवात केली, काय काय पाठ करून गेलो होतो. काढून टाकलं, चुकलं असेल, हेतू वाईट नव्हता, चॅनल तुझ्याशिवाय चालत नाही, लोक तुझी आठवण काढतात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मले एकच विचारायचं हाये. कापलं नव्हतं तवा ते किती मिनिटाचं होतं?"

"सहा मिनिटं. वर काही सेकंद."

"म्हणजे सहा मिनिटं मी रडून राह्यली होती अन् तू बाजूले बसला होता."

"हो."

"मोबाईल कोणत्या हातात होता?"

"उजव्या."

"अन् डाव्या हातात?"

मी आठवून पाहिलं. खरं तेच सांगायचं ठरवून आलो होतो. "डाव्यात काही नव्हतं. मोकळा होता."

तिनं मान हलवली. अण्णाजींनी तोंड फिरवलं. आत देवकाबाईंचे पाय पडद्यापासून मागं सरकले.

"एवढंच," आकांक्षा म्हणाली. "मी आता वापस येत नाई. बदलीचा अर्ज मंजूर झाला, एक तारखेपासून इकडच्याच पोस्टात हावो. माहे कपडे अन् कागदपत्रं मुकेशभाऊजवळ देऊन देजो. तू येऊ नको."

"म्हणजे कायमचं?"

"हो."

"अगं, एका व्हिडिओसाठी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला काही बोलता आलं असतं. काउंटरवर चुकीचा फॉर्म भरून आणलेल्या माणसाकडे पाहतात तशी पाहत होती. मग ती आत गेली. अण्णाजी म्हणाले, "साडेतीनची गाडी हाये. चुकली का मंग सहाशिवाय नाई."

आर्वीपर्यंत उभाच होतो. आर्वीला जागा मिळाली, खिडकीची. गाडी निघाल्यावर एक गोष्ट एकदम ध्यानात आली. ती आज मला "तू" म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली. मी कितीदा सांगितलं असेल, दोघांतच असताना तरी तू म्हण, परकं वाटतं. कधी तोंडातून निघालं नाही. आज न सांगता निघालं, तेही आईबापांसमोर.

माणूस आतून तुटला असता तर असं बोलला नसता. काहीतरी जवळचं वाटत असल्याशिवाय "तू" येत नाही. दोन-चार महिने जाऊ द्यावेत.